भाताच्या कोठीत पुस्तक वाचताना

ध्वनिपुस्तक म्हटलं की पहिला प्रश्न हमखास माइकचा येतो. कुठला घ्यावा, केवढ्याचा घ्यावा. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, एका कुळागराच्या म्हणजे नारळ-सुपारीच्या बागायतीच्या घरात आम्ही हरि नारायण आपट्यांच्या काही स्फुट गोष्टी वाचून ध्वनिमुद्रित केल्या. माइक ठरवायला एक संध्याकाळ पुरली. छापील मजकूर तोंडात बसवायला तीन आठवडे लागले. वाचनाची आवड असलेला माणूस नेमका इथे फसतो. आयुष्यभर डोळ्यांनी वाचल्यामुळे शब्द दिसला की झालं, अशी त्याची समजूत असते. तो शब्द कुठे तोडायचा, कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा, त्यातला च कुठला, हे मोठ्याने वाचायला बसेपर्यंत विचारायची वेळच आलेली नसते.

पुस्तक निवडताना आवडीच्या आधी कायदा बघावा लागतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात, आणि ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. आपटे १९१९मध्ये गेले, म्हणजे चिंता नाही. गोव्यात कुणीही सर्वांत आधी ज्यांचं नाव घेईल ते कवी बाकीबाब बोरकर १९८४मध्ये गेले. त्यांचं पुस्तक परवानगीशिवाय वाचायचं तर १ जानेवारी २०४५ची वाट बघावी लागेल. अनुवाद असेल तर अनुवादकाचं वर्ष वेगळं मोजायचं. जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत एखाद्या अभ्यासकाची प्रस्तावना आणि टिपा असतात, त्यांचा हक्क त्या अभ्यासकाचा. मूळ मजकूर तेवढा वाचायचा. परवानगी मागायची झाली तर ती लेखी घ्यावी आणि त्यात ‘ध्वनिरूप’ हा शब्द स्पष्ट असावा. छापायचा हक्क दिला म्हणजे ऐकवायचाही दिला, असं होत नाही. आणखी एक गाठ आहे. २००५पासून स्वयंसेवकांकडून पुस्तकं वाचून घेणारं लिब्रिवॉक्स अमेरिकी कायद्याने चालतं. तिथे जुन्या छापील पुस्तकांचा हिशेब लेखकाच्या मृत्यूवरून होत नाही, प्रकाशनापासून ९५ वर्षं धरतात. त्यामुळे भारतात मोकळं झालेलं पुस्तक तिथे अडकू शकतं.

मजकूर स्कॅनवरून थेट वाचू नये. आधी पानांचे आकडे तपासावेत. जुन्या स्कॅनमध्ये दोन पानं चिकटून एक गायब झालेलं हमखास सापडतं, आणि ते ध्वनिमुद्रण झाल्यावर कळलं तर कपाळाला हात. मग गोष्ट मोठ्या अक्षरात टंकून घ्यायची, वाक्य पानाच्या शेवटी तुटणार नाही अशी. आम्ही १८ पॉइंटचा टाइप वापरला. टॅब्लेटवर वाचलं तर कागदाची सळसळ वाचते. कागदच हवा असेल तर सुटी पानं घ्यावीत, टाचणी काढून, आणि डोळ्यांच्या उंचीला स्टँडवर लावावीत. मान खाली गेली की गळा दबतो आणि प्रत्येक पानाच्या तळाशी आवाज बसका येतो.

आता खरं काम. जुन्या छपाईत ‘म्हणजे’ हा शब्द ‘ह्मणजे’ असा येतो. तो ‘म्हणजे’च वाचायचा, पण डोळा ह पाहतो आणि जीभ अडखळते. टंकतानाच बदलून टाकलेलं बरं. ‘रा. रा.’ आलं की राजमान्य राजेश्री, ‘सा. न. वि. वि.’ आलं की साष्टांग नमस्कार विनंती विशेष, सगळं पूर्ण लिहून काढायचं. रक्कम ‘२॥ रुपये’ अशी असेल तर अडीच, ‘१॥’ असेल तर दीड, ‘१।’ असेल तर सव्वा. ह्या उभ्या रेघा आजच्या तरुण वाचकाला ठाऊक नसतात. आमच्याकडे एकाने ‘२॥’ हे बेधडक ‘दोन’ म्हणून वाचलं आणि अर्धा रुपया हवेत गेला.

सगळ्यांत जास्त वेळ अनुस्वारांनी खाल्ला. १९६२चे शुद्धलेखनाचे नियम येईपर्यंत मराठीत ‘केलें’, ‘घरांत’, ‘त्यानें’, ‘नाहीं’ असं छापत. मराठीत तो अनुस्वार उच्चारातून केव्हाच गेला होता, कागदावर तेवढा राहिला होता. पुण्याच्या वाचकाला त्याची अडचण नसते, तो डोळ्यांनीच गाळतो. गोव्यात मात्र घरात कोंकणी आहे, आणि कोंकणीत ‘केलें’ आणि ‘घरांत’ खरोखरच नाकातून येतात. त्यामुळे टिंब दिसलं की आपलं नाक आपोआप कामाला लागतं. एका पानावर अशी चाळीस-पन्नास टिंबं असली की वाचन मराठीही राहत नाही आणि कोंकणीही होत नाही. उपाय एकच, टंकताना न उच्चारायची टिंबं काढून टाकणं. ‘संसार’, ‘आंबा’ ह्यांतली अर्थातच ठेवायची. टंकणारा आणि तपासणारा वेगळा हवा, कारण स्वतः सोडलेलं टिंब स्वतःला दिसत नाही.

त्यातून पुढचा वाद निघाला. ‘केलें’मधलं टिंब काढलं की ते ‘केले’ वाचायचं की आपण बोलतो तसं ‘केलं’? आम्ही निवेदनात ‘केले’ ठेवलं. बोलीतलं ‘केलं’ कानाला गोड लागतं हे खरं, पण शंभर वर्षांपूर्वीच्या निवेदकाच्या तोंडी ते घातलं की त्याचा पोशाख बदलतो. संवादांत जिथे मूळ छपाईतच बोलीचं रूप आहे तिथे ते तसंच. एक तोटा राहतो: डोळ्यांना ‘काम केलें’ आणि ‘लाडू केले’ वेगळे दिसत होते, कानाला सारखेच लागतात. संदर्भाने कळतं. अगदीच घोळ होत असेल तिथे वाचकाने अलीकडच्या नामावर किंचित थांबावं.

च, ज, झ यांचं दुखणं वेगळं. ‘जरा थांब’मधला जरा आणि म्हातारपण ह्या अर्थाची जरा लिपीत सारखेच दिसतात, तोंडात सारखे नाहीत. नामस्मरणाचा जप आणि ‘स्वतःला जप’मधला जप, चार हा आकडा आणि गुरांचा चारा, सगळे त्यातलेच. शंका येईल तिथे दंतमूलीय, म्हणजे ‘जरा थांब’मधल्या ज सारख्या दातांच्या मुळाशी उच्चारायच्या अक्षराखाली पेन्सिलीने टिंब द्यायचं. आम्ही सुरुवातीला सगळ्याच शब्दांना टिंबं दिली आणि पान गोवरासारखं दिसू लागलं. मग फक्त फसणारे शब्द ठेवले.

उच्चारांच्या ह्या सगळ्या साफसफाईत एक गोष्ट हट्टाने राखली: गोव्याचा हेल. इथल्या मराठीत ‘ए’ आणि ‘ओ’ थोडे उघडे येतात, वाक्याचा शेवट किंचित वर जातो. शब्द चुकत नसेल तर तो पुसायचं कारण नाही. पुसायला गेलेला वाचक बातम्या दिल्यासारखा वाचतो. नाटकी वाचनाबद्दलही आमचं मत ठाम झालं. सासूचा आवाज चिरका, सासऱ्याचा खर्जातला, असं केलं की दहा मिनिटांनी ऐकणारा गोष्ट सोडून आवाज मोजू लागतो. पात्र बदललं हे कळायला गतीतला फरक पुरतो. आणि आत्याबाईचा आवाज पहिल्या दिवशी जसा काढला तसा चौथ्या दिवशी निघत नाही, ही त्यातली व्यावहारिक बाजू.

जागा. जुनं गोमंतकीय घर दिसायला देखणं, ध्वनिमुद्रणाला वाईट. चिऱ्याच्या गिलावा केलेल्या भिंती, गुळगुळीत जमीन, उंच छत; टाळी वाजवली की ती परत येते. हॉल, माजघर, पडवी सगळीकडे टाळ्या वाजवून झाल्यावर भाताची कोठी सापडली. तीन बाजूंना गोणपाटाची पोती, एक छोटी खिडकी, दार जाड. पोत्यांनी घुमणं खाल्लं. उरलेल्या उघड्या भिंतीवर दोन वाकळी टांगल्या, भिंतीपासून चार बोटं सुटून, कारण कापड भिंतीला चिकटलं तर निम्मंच काम करतं. वाकळ वाचकाच्या पाठीमागे हवी. माइक वाचकाकडे तोंड करून असतो, म्हणजे त्याला वाचकाच्या मागची भिंत सरळ ऐकू येते. बहुतेक जण नेमकी उलटी बाजू झाकतात.

वेळ ठरवताना आठवडाभर वही घेऊन नुसते आवाज लिहून काढले. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, सायकलवरचा भोंगा, संध्याकाळी परत तोच. सकाळी मासे विकणारीची हाक, कुळागराचा पंप, आठनंतर दुचाक्या. रात्र शांत वाटते, पण रातकिडे चालू होतात, आणि त्यांची किरकिर नेमकी स, श यांच्या पट्ट्यात असते; ती सॉफ्टवेअरने काढायला गेलं तर बोलण्यातला स सोबत जातो. उरली दुपार. गोव्याची दुकानं मिटतात, माणसं आडवी होतात. दीड ते साडेतीन ही आमची वेळ. वामकुक्षीची थट्टा करणाऱ्यांनी एकदा त्या वेळेत माइक लावून बघावा.

ऋतूचाही हिशेब आहे. जून ते सप्टेंबर कौलांवरचा पाऊस आणि बेडूक. मुद्रण विसरावं, मजकूर टंकावा. मार्चपासून कोकिळा, एप्रिल-मेमध्ये उष्मा असा की पंखा बंद करून कोठीत वीस मिनिटंही बसवत नाही. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि फोंड्यात हेच जत्रांचे दिवस. आसपासच्या देवळांच्या तिथी पाहून तारखा आखल्या. लाउडस्पीकरशी भांडण्यापेक्षा पंचांग बघणं सोपं.

आता माइक, थोडक्यात. कंडेन्सर माइक नाजूक आवाज पकडतो, पण खोलीही पकडतो, आणि आपल्या दमट हवेत त्याच्या पडद्यावर ओल बसली की खरखर, फटफट सुरू होते. तो वापरायचा असेल तर काम झालं की सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवावा. आम्ही डायनॅमिक घेतला. तो ओलीला फारसा जुमानत नाही आणि जवळचंच ऐकतो. तोंडापासून एक वीत अंतर, आणि सरळ समोर न ठेवता थोडा बाजूला, म्हणजे प, फ, भ यांचे फुंकर थेट त्यावर आदळत नाहीत. तरी समोर जाळी हवीच.

पहिल्या दिवशी सगळ्या मुद्रणात बारीक गुणगुण आली. वीजपुरवठ्याची लय ५० हर्ट्झची. तीच ५०, १०० आणि १५०वर उमटत होती. केबल बदलल्या, माइक बदलला, काही नाही. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि गुणगुण थांबली. जुन्या घरांत अर्थिंग नीट नसतं हे त्याचं मूळ. तेव्हापासून वाचन कायम बॅटरीवर. वीज गेली तरी मुद्रण चालू राहतं, हा वरकड फायदा.

मुद्रणाची मापं: मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. ह्या हिशेबाने तासाला साधारण ४७५ मेगाबाइट लागतात. जागा वाचवायला सुरुवातीलाच एमपी-थ्री करू नये; प्रत्येक दुरुस्तीनंतर ती पुन्हा आवळली जाते आणि आवाज पातळ होत जातो. सर्वांत मोठ्याने वाचलेल्या वाक्याला आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहावी. लाल झाली तर तो घास परत वाचायचा, फाटलेला आवाज शिवता येत नाही. सुरू करण्याआधी अर्धा मिनिट कुणीही न बोलता खोलीची शांतता मुद्रित करायची. ती पुढे दोन जागी कामाला येते: कापलेल्या जागी भरायला, आणि सॉफ्टवेअरला नको असलेला आवाज ओळखून द्यायला.

चूक झाली की दोन रीती आहेत. एक म्हणजे चुटकी वाजवायची आणि वाक्य पहिल्यापासून वाचायचं. नंतर पडद्यावरच्या आवाजाच्या आलेखावर चुटकीचा उभा खांब दिसतो, तिथे कापायचं. दुसरी, ऑडॅसिटी ह्या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पंच अँड रोल’ आहे. चुकीच्या आधी कर्सर ठेवून शिफ्ट आणि डी दाबलं की अलीकडचं पाच सेकंद ऐकू येतं आणि तिथून नवं मुद्रण सुरू होतं. दुसरी रीत शिकायला तासभर जातो, पण आधीचा स्वर कानात असल्यामुळे सांधा कळत नाही. आम्ही दोन गोष्टींनंतर तिच्यावर आलो. काहीही करा, अर्ध्या वाक्यातून उचलू नका. श्वास जुळत नाही.

वाचणारा एक, आणि हातात मजकूर घेऊन, हेडफोन लावून ताळा बघणारा दुसरा. वाचणाऱ्याला आपण ‘आणि’ गाळला हे कधीच कळत नाही. त्या दुसऱ्याने पोटाचे आवाजही ऐकावेत. उपाशी पोट गुरगुरतं आणि नुकतं जेवलेलंही. जेवणानंतर दीड तास हा मध्यम मार्ग. दूध, दही, चहा यांनी तोंडात चिकटा येतो आणि शब्दांत चकचक उमटते. त्यावर हिरव्या सफरचंदाची फोड हा जगभरचा तोडगा आहे. कोकमाचं पाणी आम्हांला तितकंच लागू पडलं. कोमट, बिनसाखरेचं. चाळीस मिनिटांनंतर आवाज खाली सरकतो, वाचणाऱ्याला ते जाणवत नाही, आलेखावर दिसतं. तिथे थांबायचं.

आमची गती मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द पडली. दोन तास बसलं की पाऊण तासाचं चांगलं वाचन हाती लागतं, आणि त्या पाऊण तासाला संपादनाचे तीन-चार तास. हे आधी माहीत असलेलं बरं, म्हणजे पहिल्याच उत्साहात कुणी सहाशे पानांची कादंबरी अंगावर घेणार नाही.

संपादनात क्रम महत्त्वाचा. आधी चुका कापणं, मग ८० हर्ट्झच्या खालचा घरघराट काढणं, मग आवाज स्वच्छ करणं, मग दाब (कॉम्प्रेशन, म्हणजे मोठ्या आणि हळू आवाजांतला फरक कमी करणं), शेवटी पातळी. स्वच्छता सहा ते दहा डेसिबलवर थांबवावी. मोह होतो वीसपर्यंत नेण्याचा, आणि मग माणूस विहिरीच्या तळातून बुडबुडे सोडत बोलल्यासारखा ऐकू येतो. श्वास सगळे काढू नयेत. मोठे, दचकवणारे तेवढे अर्ध्यावर आणावेत. बिनश्वासाचं वाचन दोन मिनिटांत ऐकणाऱ्याचाच श्वास कोंडतं. दाबाचं प्रमाण अडीच किंवा तीनास एक. पातळीची मापं जिथे द्यायचं त्या ठिकाणची पाळायची. ध्वनिपुस्तकं विकणाऱ्या ऑडिबलसाठी फाइली जिथे द्यायच्या ते एसीएक्स सरासरी उणे २३ ते उणे १८, शिखर उणे ३ आणि शांतता उणे ६० डेसिबलच्या खाली मागतं, एक फाइल १२० मिनिटांपेक्षा मोठी नको. पॉडकास्टला अ‍ॅपल उणे १६ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा लागतो त्याचं माप) सुचवतं. लिब्रिवॉक्सला १२८ केबीपीएसची एमपी-थ्री चालते, म्हणजे तासाला ५८ मेगाबाइट.

गोष्टींबरोबर त्यांच्यावरच्या गप्पांचे काही भागही केले. तिथे नियम सैल. परीक्षणासाठी, चर्चेसाठी हक्कातल्या पुस्तकातला छोटा उतारा वाचलेला कायद्याला चालतो. अख्खं प्रकरण वाचून शेवटी ‘काय सुंदर आहे ना’ म्हणणं ही चर्चा नव्हे. दोघं समोरासमोर असतील तर दोन माइकांमधलं अंतर तोंड ते माइक या अंतराच्या तिप्पट ठेवावं, नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमधून पोकळ येतो. एक पणजीत आणि एक काणकोणात असेल तर प्रत्येकाने आपापल्या जागी मुद्रण करावं, सुरुवातीला एकाने मोजून टाळी द्यावी, नंतर टाळ्या जुळवाव्यात. मुखपृष्ठ चौकोनी, १४०० ते ३००० पिक्सेल. त्यावर देवनागरी मोठी, कारण मोबाइलवर ते नखाएवढं दिसतं.

शेवटची परीक्षा हेडफोनवर होत नाही. तयार फाइल मोबाइलवर घेऊन आम्ही रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत बसलो. इंजिनाच्या धडधडीत वाक्यांची शेपटं बुडत होती. मराठीत क्रियापद शेवटी, म्हणजे नेमकं तेच जात होतं: गेला की गेला नाही, कळायला मार्ग नाही. दाब थोडा वाढवला, आणि चार ठिकाणी वाचणाऱ्यानेच शेवट सोडून दिला होता, ती वाक्यं पुन्हा वाचायची ठरली.

ती वाचायला जुलै उजाडला. पाऊस थांबलेली एक दुपार मिळाली, माइक तोच, वाचक तोच, जमिनीवर खडूने खुर्चीची खूण केलेली तीच. तरी वाक्यं जुळेनात. जानेवारीतली मऊ आणि ही घुमणारी. अर्धा तास सेटिंग तपासली. मग ताळा बघणाऱ्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. सहा महिन्यांत घराने भात खाल्लं होतं, तीन बाजूंची पोती दीड बाजूवर आली होती. शेजारच्या दोन घरांतून वाकळी मागून आणल्या आणि रिकाम्या जागी टांगल्या.